गोळीबेरीज सर

आबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. गणिताचा मास्तर, पण सही करायची वेळ आली की शेजारच्याकडे हात पसरणार. खिशात असायच्या त्या गोळ्या. वरच्या खिशात गुलाबी, चघळायच्या. पॅन्टच्या खिशात पिवळ्या, बारीक, उपाशीपोटी गिळायच्या. गुलाबी गोळी साध्या जळजळीवर आणि पिवळी 'हट्टी' पित्तावर, असं त्यांचं सोपं शास्त्र होतं. सातपूरच्या आमच्या शाळेत कुणी नुसती छातीवर मूठ ठेवली, तरी आबा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायचे आणि खिसा चाचपत निघायचे.

आणि आमच्या स्टाफरूममध्ये छातीवर मूठ न ठेवणारा माणूस विरळा. सकाळची शाळा. पोटात काही नसताना पहिला चहा, प्रार्थनेनंतर दुसरा, मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या गाड्यावरची मिसळ, तीही तर्री मागून घेतलेली. त्यावर तिसरा चहा. मग दहावीचे जादा तास, घरी जायला दुपार टळलेली. अशा पोटांनी कुरकुर केली नाही तरच नवल. आम्ही सगळे एकमेकांना 'ॲसिडिटी झालीय' असं सांगायचो, जसं लोक 'पाऊस लागलाय' म्हणतात. त्यात तक्रार नसायची, बातमी असायची.

मी नवीन नवीन रुजू झाले तेव्हाची गोष्ट. मराठी शिकवायला आले होते, वर्गात पहिलाच तास, भीतीनं सकाळी घास उतरला नव्हता. तास संपवून व्हरांड्यात आले आणि भिंतीला टेकले. समोरून एक उंच, किरकोळ अंगाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. माझं नाव-गाव काही न विचारता म्हणाला, "काय व्हयनं?"

मला काही समजलं नाही. मी नाशिकरोडच्या कॉलनीत वाढलेली, अहिराणी कानावर आलेली नव्हती. त्यांनी लगेच भाषा बदलली. "काय झालं, बाई? पोट जळतंय ना? हे घ्या, चघळा. पाणी नका पिऊ लगेच." हातावर गुलाबी गोळी ठेवून ते पुढे निघूनही गेले. गोळी खडूसारखी लागली, पण तिच्यात पुदिन्याचा गारवा होता. त्या दिवशी बरं वाटलं ते गोळीनं की कुणीतरी विचारल्यामुळे, हे मला आजही ठरवता येत नाही.

आबा मूळचे सटाण्याकडचे. इतकी वर्षं नाशकात काढली, तरी मनातलं बोलताना 'आहे' जाऊन 'शे' यायचंच. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'गोळीबेरीज सर'. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला शंभरपैकी शंभर द्यायला हवेत. आबांना ते ठाऊक होतं. वर्गात मागून कुजबूज ऐकू आली की फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "गोळीबेरीज ऐकतोय बरं का. वजाबाकी करायला लावू नका."

मुलांना मात्र त्यांनी कधी गोळी दिली नाही. मुलाचं पोट दुखलं तर ते त्याला शेजारी बसवून आधी विचारायचे, "सकाळी काय खाल्लं?" बहुतेक वेळा उत्तर 'काहीच नाही' असं असायचं. मग आबांच्या डब्यातली अर्धी भाकरी जायची. मोठ्या माणसांना हा प्रश्न ते का विचारत नसत, कोण जाणे. मोठ्यांना भाकरी द्यायचा संकोच वाटत असावा. गोळी देणं सोपं.

एका बुद्धपौर्णिमेला मी त्यांना आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घरी बोलावलं होतं. माझ्या आईनं खीर केली होती. आबा माळकरी, पूर्ण शाकाहारी, आणि दूध त्यांना अजिबात मानवायचं नाही, पोट फुगायचं. तरी त्यांनी वाटी संपवली आणि आईनं न विचारता वाढलेली दुसरीही संपवली. निघताना चपला घालायच्या निमित्तानं ते दाराआड गेले आणि त्यांनी पटकन एक गोळी तोंडात टाकली. अक्कांनी बघितलं. हसून आईला म्हणाल्या, "तुमची खीर गोड होती ताई, पण ह्यांचं जेवण त्या गोळीशिवाय पूर्ण होत नाही. विडा असतो ना, तसा तो ह्यांचा विडा."

या गोळ्यांच्या मागे त्यांची आई होती, हे मला फार पुढे कळलं. एकदा परीक्षेचे पेपर तपासत आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या आईला पोटशूळ होता. जेवली की दुखायचं, नाही जेवली तरी दुखायचं. गावात औषध म्हणजे ओवा, नाहीतर सोडा. दुखायला लागलं की ती माऊली पोटाखाली गोधडीची घट्ट गुंडाळी दाबून पालथी पडायची आणि तशीच पडून मुलांना सांगायची, चुलीवर काय ठेवलंय, किती भाकऱ्या थापायच्या. तालुक्याच्या दवाखान्यात तिला नेलं तेव्हा उशीर झाला होता. "आज ज्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात ना, त्यातली एक तिला मिळती," आबा म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी पेपरावर लाल शाईनं बरोबरची खूण करून संपवलं. पोटाला हात लावलेला माणूस त्यांना का बघवत नाही, ते मला त्या दिवशी समजलं.

त्यांची स्वतःची पिवळी गोळी सुरू झाली ती कधीतरी कंबर धरली होती तेव्हा. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून डॉक्टरांनी सोबत दिलेली. "पंधरवड्यापुरती दिली होती हो," ते सांगायचे, "पण ती आमच्याकडे सुनेसारखी आली. आली ती घरचीच झाली." रोज सकाळी उठल्यावर तोंड धुवायचं, पिवळी गोळी घ्यायची, मग अंघोळ आणि अंघोळ करताना पाढे म्हणायचे. पाढे हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. अकरापासून सुरुवात करून तिसापर्यंत, वर पावकी आणि दिडकी. बादलीतलं पाणी संपायच्या आत पाढे संपले पाहिजेत. अक्का म्हणायच्या, शेजारणीला घड्याळ लागत नाही, पाढ्यांवर ती डबे भरते.

शिकवायचे मात्र अगदी हळू. दहावीला इतकं हळू शिकवणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. एक समीकरण सोडवायला अर्धा तास. "घाई कुणाला शे?" असं विचारायचे. प्रत्येक पायरी फळ्यावर, प्रत्येक पायरीला 'का?' आणि उत्तर देणारं मूल शेवटच्या बाकावरचं. पास व्हायची आशा सोडलेली कितीतरी मुलं त्यांनी काठावरून उचलून पलीकडे ठेवली.

त्यांचं बिनसायला कधी लागलं, हे नेमकं सांगता येत नाही. पहिल्यांदा खडू पडायला लागला. बोटांतून आपोआप सुटायचा. आबा वाकून उचलायचे आणि म्हणायचे, "मुंग्या शेत हाताला." मग चालताना पाय जरा फाकवून टाकायला लागले, बोटीवर असल्यासारखे. जीभ लाल झाली, तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. यावर त्यांनी काय केलं असेल? पिवळी गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली. उष्णता वाढलीय, दुसरं काय!

मग विसरणं आलं. डबा घरी राहायचा, चष्मा कपाटात, तास असायचा आठवी अ-ला आणि आबा ब-मध्ये. आधी आम्ही हसलो. पुढे हसणं थांबलं. आणि एक दिवस दहावीच्या वर्गात वर्गसमीकरण सोडवता सोडवता ते मध्येच थांबले. पाठमोरेच उभे राहिले, खडू फळ्याला टेकवलेला. वर्ग वाट बघत होता. एका मुलीनं हळूच पुढची पायरी सांगितली. आबांनी ती लिहिली नाही. खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आज तुम्हीच पूर्ण करा. मी बघतो." आणि खुर्चीवर बसून राहिले. वर्गात आबा खुर्चीवर बसलेले मुलांनी कधी पाहिले नव्हते. तास संपल्यावर तीच मुलगी माझ्याकडे आली आणि रडायलाच लागली. "मॅडम, सरांना काहीतरी होतंय."

स्टाफरूममध्ये कुजबूज सुरू झाली. वय झालं, आता असंच होणार, घराण्यात असेल. मुख्याध्यापिकांनी दहावीचा वर्ग काढून घ्यायचं मनात आणलं होतं, पण कसं सांगावं हे त्यांना उमजत नव्हतं. तो त्रास आबांनीच वाचवला. स्वतः जाऊन म्हणाले, "मुलांचं वर्ष आहे. मला पाचवी द्या."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. सगळे गेले होते. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

"साळवेबाई, एक सांगतो. अक्काला सांगितलं नाही अजून." पेपरवेट थांबला. "सकाळी पाढे म्हणत होतो. एकोणतिसाच्या पाढ्यात अडकलो. पुढचं काही येईना. सुरुवातीपासून म्हटलं, परत तिथंच. जिन्याची पुढची पायरीच कुणी काढून घेतल्यासारखं. मी तसाच अंगाला साबण लावून बसून राहिलो."

"डॉक्टरकडे जाऊ या आबा."

"कशाचा डॉक्टर? म्हातारपणाचा?"

"जो सापडेल त्याचा," मी म्हटलं. ते हसले, आणि हसल्यामुळे तयार झाले.

अक्का, आबा आणि मी, तिघं गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझ्या वडिलांना त्यांचा गुण आला होता. बाई तरुण होत्या, बोलायला शांत, आणि ऐकून घेणाऱ्या. त्यांनी आबांना डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर आबा झुलायला लागले. अक्कांनी पटकन दंड धरला. मग एक चिमट्यासारखा धातूचा काटा वाजवून त्यांनी तो आबांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर जाणवते?"

"कसली थरथर?" आबांनी विचारलं.

तोच काटा माझ्या मनगटावर ठेवला तर हाडापर्यंत झिणझिण्या गेल्या. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"औषधं कोणती चालू आहेत?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. आजवर बीपी नाही, शुगर नाही."

"अहो, ती सकाळची?" अक्का म्हणाल्या.

"ती काय औषध शे का? ती पित्ताची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस घेताय?"

आबांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "आमचा मुलगा कॉलेजात होता तेव्हापासून. आता त्याचा मुलगा शाळेत जातो."

रक्त तपासलं. ब-बारा जीवनसत्त्व जवळजवळ संपलेलं. पुढच्या वेळी बाईंनी आम्हाला नीट समजावलं. हे जीवनसत्त्व मुख्यतः दूधदुभतं, अंडी, मांस-मासळी यांतून येतं. आबांच्या ताटात ते आधीच नावापुरतं. आणि जे थोडंफार येतं ते अन्नातून सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ते आम्लच आबांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं. "सगळा दोष गोळीचा आहे असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "गोळी चांगलीच आहे. पण ती कशासाठी आणि कुठवर, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. पोटातलं आम्ल काही शत्रू नसतं, सर. त्याला काम दिलेलं असतं."

"आणि माझे पाढे?" आबांनी विचारलं.

"इंजेक्शनं घेऊ. बरंचसं परत येईल. सगळंच येईल असं वचन नाही देत. नसांना उशीर झालेला असतो कधी कधी."

बाहेर येऊन आबा पायऱ्यांवर बसले. अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वेड लागलं नाही ना तुम्हाला? मग झालं. बाकी सगळं मी बघते."

इंजेक्शनं सोपी होती. गोळी सोडणं अवघड. बाईंनी एकदम सोडू नका, हळूहळू कमी करा, असं बजावलं होतं आणि मध्ये जळजळ उसळेल असंही सांगितलं होतं. ती उसळलीच. एवढी वर्षं दाबून ठेवलेली सगळी आग एकदम वर आली म्हणायची. आबा मधल्या सुट्टीत बाकावर ताठ बसायचे, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. कुणी गाड्यावरून मिसळ आणली की उठून बाहेर जायचे. चहा सुटला. जेवण दिवे लागायच्या आत. अक्कांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, म्हणजे पोटातलं वर येऊ नये. आबांनी मला गंभीरपणे सांगितलं, "उतारावर झोपतो मी आता. सकाळी उठतो तेव्हा पायथ्याशी असतो."

काही आठवड्यांनी जळजळ निवली. त्याच सुमारास एका सकाळी माझा फोन वाजला. पलीकडे आबा नव्हते, अक्का होत्या. "थांबा हं," म्हणाल्या आणि फोन नुसता उंच धरला असावा. न्हाणीघरातून आवाज येत होता, पाणी पडल्याचा आणि पाढ्यांचा. एकोणतिसावर आवाज जरा मंदावला. मग तो पुढे गेला, आणि तीस सुरू झाला. अक्का फोनवर फक्त एवढंच म्हणाल्या, "ऐकलं ना?"

दुसऱ्या वर्षी दहावीचा वर्ग आबांकडे परत आला. कुणालाही वाटेल की गोष्ट इथं संपली. आबांची मात्र इथून सुरू झाली.

खिसे रिकामे करून ते एक दिवस स्टाफरूमच्या मध्यभागी उभे राहिले. "मी तुम्हा सगळ्यांना गोळ्या चारल्या," ते म्हणाले. "माझ्या आईला मिळाली नाही म्हणून दिसेल त्याला देत सुटलो. कुणाला कशासाठी देतोय, हे कधी विचारलं नाही. आता विचारतो. ज्याला माझ्यामुळे रोजची सवय लागली असेल त्यानं मला सांगा. मी सोबत येतो डॉक्टरकडे." एक-दोघं हसले. आबा हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी एकेकाला गाठायला सुरुवात केली. ड्रॉइंगचे सर, ऑफिसमधले क्लार्क, शाळेसमोरचा रिक्षावाला, इगतपुरीला राहणारा चुलतभाऊ. शेजारी बसायचं, आणि जो प्रश्न आजवर ते फक्त मुलांना विचारत आले होते तो विचारायचा: "सकाळी काय खाल्लं?"

असे फिरता फिरता ते मंदामावशीपाशी आले. मंदामावशी आमच्या शाळेतल्या शिपाई. सायखेड्याहून रोज बसनं यायच्या. गुडघे धरलेले, तरी तिन्ही मजले झाडायच्या. आबांच्या पिवळ्या गोळीच्या त्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक.

"मावशी, पोट कसं आहे?"

"लय बरं हाय आबा. तुमची गोळी घेतली का दुखणं पळतं. निस्ता जिना चढताना दम लागतो आताशा. डोळ्यापुढं काजवे येत्यात."

"गुडघ्याला काही घेता?"

"त्या लाल गोळ्या हायेत ना मेडिकलच्या. त्या नाय घेतल्या तर झाडू कसा मारू?"

आबा उठले आणि सरळ माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. "साळवेबाई, मला तिला एक विचारता येणार नाही, तुम्ही विचारा. शौचाला काळं होतं का." डॉक्टरीणबाईंकडच्या फेऱ्यांमध्ये त्यांनी हजार शंका विचारल्या होत्या, त्यात पोटात रक्त झिरपत असलं की शौच काळं होतं, हेही त्यांना समजलेलं होतं. मी मावशींना पाण्याच्या टाकीमागं नेऊन विचारलं. त्या लाजल्या, मग म्हणाल्या, "व्हय. डांबरावानी. म्हटलं नागलीच्या भाकरीनं आसंल."

आबांनी रिक्षा बोलावली. मावशी म्हणत होत्या, अजून वरचा मजला राहिलाय. आबा म्हणाले, "राहू द्या. वरचा मजला मी झाडतो उद्या." आणि आम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. रक्त इतकं कमी झालेलं होतं की डॉक्टरांनी त्यांना घरी जाऊच दिलं नाही. नळी घालून बघितलं तर जठरात जखम, तिच्यातून थोडं थोडं रक्त कधीचं झिरपत होतं. मावशींना रक्ताची बाटली लावली. त्यांचा मुलगा गावाहून येईपर्यंत आबा बाहेरच्या बाकावरून हलले नाहीत. मी पाणी आणलं, तर तेही घेतलं नाही. हात मांडीवर, नजर त्या दाराकडे. मला त्या क्षणी त्यांच्या आईच्या गोधडीची ती घट्ट गुंडाळी आठवली.

डॉक्टर बाहेर आले तसे आबा उठून उभे राहिले, जसं एखादं मूल मुख्याध्यापकांसमोर उभं राहतं. "डॉक्टर, पित्ताची गोळी मी देत होतो यांना. न विचारता."

डॉक्टरांनी त्यांना खाली बसवलं. "जखम तुमच्या गोळीनं केली नाही, काका. ती गुडघ्याच्या गोळ्यांनी केली. तुमच्या गोळीनं दुखणं मधून मधून दबत राहिलं, म्हणून या दवाखान्यात आल्या नाहीत. आज आणलंत, बरं केलंत. अजून थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं."

आणि त्यांनी औषधं लिहून दिली. आबांनी चष्मा लावून कागद वाचला, डोळे बारीक केले आणि परत वाचला. पहिल्याच ओळीत ती पिवळी गोळी.

"हीच?" आबा म्हणाले.

"हीच. जखम भरायला हिच्याइतकं चांगलं काही नाही. इथं लिहिलेत तितके आठवडे, मग तपासू आणि बंद करू."

आबांनी कागदाची घडी घातली. मग हळूहळू त्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि ते हसले, खूप दिवसांनी मोकळे हसले. मला म्हणाले, "मी हिला घराबाहेर काढली, आणि ही बघा इथं डॉक्टरीण होऊन बसली!"

मावशी बऱ्या झाल्या. गुडघ्यांसाठी वेगळं औषध आणि व्यायाम मिळाला. त्या कामावर आल्यावर आबा रोज सकाळी फाटकापाशी त्यांना विचारायचे, "घेतली का? जेवणाच्या आधी ना?" आणि डॉक्टरांनी थांबवायला सांगितली त्या दिवशी त्यांच्याकडून उरलेलं पाकीट मागून घेतलं. मावशी मला म्हणाल्या, "देतानाबी हेच, नेतानाबी हेच. बापावानी मानूस."

पुढं आबा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना बोलायला सांगितलं, तर त्यांनी भाषण केलं नाही. मुलांना म्हणाले, "गणितात उत्तर चुकलं तर लाज नाही. मागं जायचं, चुकलेली पायरी शोधायची, तिथून परत यायचं. मी आलोय." मोठ्यांपैकी ज्यांना त्यातलं कळायचं होतं त्यांना कळलं. नंतर ते आणि अक्का गावी गेले, पुतण्याच्या डाळिंबाच्या बागेशेजारी दोन खोल्या बांधून राहिले.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. त्याआधी मे महिन्यात मी त्यांच्या गावी गेले होते, ती आमची शेवटची भेट. अक्कांनी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. आबा चवीनं जेवले, हळूहळू, प्रत्येक घास पुरता चावून. जेवल्यावर त्यांचे हात खिशाकडे गेले नाहीत, हे मी पाहिलं. गप्पा झाल्या. पोटाचं त्यांनी काही काढलं नाही. डाळिंबावरच्या रोगाचं बोलले, मंदामावशीच्या नातीला दहावीत किती मार्क पडले ते बोलले. तिला ते फोनवरून गणित शिकवत होते.

मी निघाले तेव्हा आबा म्हणाले, "मी येतो फाट्यापर्यंत." अक्का नको म्हणत होत्या, ऊन फार होतं. आबा निघालेच. मातीचा रस्ता, दोन्हीकडे कुंपण, दुपारी तापून पांढरा झालेला. ते पुढं, मी मागं. त्यांचं बोलणं चालूच होतं. थोडं अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, धुळीत त्यांच्या उजव्या पायाचा ठसा उमटतोय तो चपलेचा नाही, अनवाणी पायाचा आहे. पाचही बोटं स्पष्ट. मी मागं वळून पाहिलं. चप्पल बरीच मागं, रस्त्याच्या मधोमध पडलेली. आबा बोलतच चालले होते.

मी जाऊन चप्पल उचलली आणि धावत त्यांना गाठलं. "आबा, थांबा."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग खाली पायाकडे.

"जमीन तापलेली असेल ना?" त्यांनी मला विचारलं.

"खूप, आबा."

"मला सांगत नाही ती आता." तक्रार नव्हती त्यात. सकाळी कुणी हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी खाली वाकून त्यांचा तळवा पुसला. खडे रुतले होते, एके ठिकाणी भाजून लाल झालं होतं. चप्पल पुढं धरली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाय चपलेत सरकवला आणि मग वाकून बोटांनी चाचपून पाहिलं, अंगठा नीट आत गेलाय ना.

"बस ई ऱ्हायनी," ते म्हणाले. "जा बेटा."

बस खरंच येत होती. मी चढले, खिडकीपाशी बसले आणि हात बाहेर काढला. आबा परत फिरले होते. मान खाली घालून, प्रत्येक पाऊल टाकण्याआधी त्याच्याकडे नीट बघत, घाई न करता ते घराकडे चालले होते.